पाठ उसवलेलं अस्वल

घरात तिला सगळे भोंगा म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलं होतं आणि ते काही उगीच ठेवलेलं नव्हतं. शाळा सुटली की आधी तिचा आवाज जिना चढायचा, मागून दप्तर आणि सगळ्यात शेवटी ती स्वतः. दहावीत गेल्यापासून तर तिला शिंगंच फुटली होती. केस कानापर्यंत कापून आली, वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर काढला, आणि पहिला नंबर आलेल्या मुलाला ‘तुझं भाषण छान होतं, पण झोप लागली’ असं तोंडावर सांगून आली.

आणि तिला कोरियन यायचं. अगदी खरंखुरं. दोन वर्षं ती मोबाईलवर मालिका बघत होती, वहीत शब्द उतरवत होती, आरशासमोर उभी राहून स्वतःशीच भांडत होती, तेही कोरियनमध्ये. बाबा बस चालवायचे. दिवसभर हॉर्न ऐकून घरी आले की म्हणायचे, “हे शिकून काय होणार, भोंग्या? माझ्या बसमध्ये आजवर एकही कोरियन चढला नाही.”

“चढला तर?”

“चढला तर त्यालाही सुट्टे पैसेच मागणार मी.”

हसण्यावारी नेलेली ही विद्या एक दिवस कामाला येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण आली. आणि कुणाच्या कामाला, तर आईच्या.

आई खेळण्यांच्या कारखान्यात होती. केसाळ कापडाची अस्वलं, ससे, हत्ती बनायचे तिथे. कापड कापायचं, उलट्या बाजूने शिवायचं, मग काठीने सुलटं करायचं, पाठीतल्या भोकातून कापूस भरायचा आणि शेवटी ते भोक हाताने असं शिवायचं की टाका दिसताच कामा नये. आई अकरा वर्षं भरणीच्या टेबलावर होती. तिथे एक मोठी नळी भसाभसा कापूस ओकायची आणि हवेत त्याचा बारीक फुफाटा तरंगत राहायचा. तोंडाला फडकं बांधलं तरी तो आत शिरायचाच. दोन वर्षांपासून आईला खोकला लागला होता. साधासुधा नाही. वाक्य अर्ध्यात आलं की खोकला यायचा, वाक्य खाऊन टाकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, “औषध मी देईन, पण फुफाट्यातून उठायचं काम तुमचं.”

उठून जायचं कुठे? तर कारखान्यात एकच जागा अशी होती. नमुन्यांची खोली. तिला काचेची भिंत होती, दार बंद असायचं, आत कापसाचा कणही उडत नसे. नव्या खेळण्याचा पहिला नमुना तिथे हाताने बनायचा. तिथे बसत होत्या कोरियाहून आलेल्या एक बाई. वय पन्नाशीचं, बोलणं कमी, डोळ्यांवर चष्मा आणि मनगटावर टाचण्यांची गादी. सगळे त्यांना नमुनेवाल्या मॅडम म्हणत. त्या दोन महिन्यांनी आपल्या देशी परत जाणार होत्या. त्यांच्या खुर्चीवर इथलीच एक बाई बसणार होती, आणि तिला दर सोमवारी फोनवर, पडद्यावर एकमेकांची तोंडं बघत, तिकडच्या लोकांशी कामापुरतं कोरियन बोलावं लागणार होतं.

“हाताची परीक्षा नाही,” सुपरवायझरनी हॉलमध्ये उभं राहून जाहीर केलं. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणायचे, कारण ते माणसाकडे बघायच्या आधी घड्याळाकडे बघायचे. “हात तुमचे सगळ्यांचे चांगलेच आहेत. परीक्षा तोंडाची. वीस प्रश्न. मॅडम विचारणार. आजपासून सहावा शनिवार, अकरा वाजता.”

दोघींनी नावं दिली. एक पॅकिंगमधली तरुण चष्मेवाली, कॉलेज झालेली, जिने दुसऱ्याच दिवशी पुस्तक विकत आणलं. आणि दुसरी आई, जी आठवीनंतर पुस्तकाच्या वाटेला गेली नव्हती.

आई घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, “भोंग्या, मला शिकवशील?”

भोंग्याला आकाश ठेंगणं झालं.

*

पहिले दहा दिवस तिने आईचा जो छळ केला, त्याला तोड नव्हती. कपाटाच्या दारावर तिने तक्ता चिकटवला. हिरव्या शाईत आत्ता चाललेली क्रिया, लाल शाईत झालेली, निळ्या शाईत होणारी. हातात पट्टी घेऊन ती तक्त्यासमोर उभी राहायची आणि आई समोर खुर्चीवर, हात मांडीत घेऊन, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीसारखी बसायची.

“नमस्कार कसं म्हणायचं?”

“आन्न... आन्न्या...”

“आन्न्योंग हासेयो! काल सांगितलं ना? बरं, जेवलात का?”

“पाप मॉगॉस्सॉयो,” आई एका दमात म्हणाली. हे तिच्या लक्षात राहिलं होतं, कारण बाबांनी ऐकल्याबरोबर विचारलं होतं, “जेवणाला पाप म्हणतात? मग मी दिवसातून दोनदा पाप करतो. रविवारी तीनदा.”

पण तेवढंच. बाकी शब्द रात्री ठेवावेत आणि सकाळी उंदरांनी न्यावेत तसे नाहीसे व्हायचे. आई म्हणायची, “अगं, कानातून आत जातंय, पण आत गेलं की कुठे बसतं ते सापडत नाही.” मग खोकला. मग पाणी. मग पुन्हा पहिल्यापासून.

अकराव्या दिवशी भोंग्याचा तोल गेला. ‘शिवते’, ‘शिवलं’, ‘शिवेन’ ही तीन रूपं आईने चौथ्यांदा चुकवली, आणि पट्टी टेबलावर आपटून ती म्हणाली, “तुला नाही जमणार, आई. खरंच नाही जमणार. चष्मेवालीचं पुस्तक अर्धं झालं असेल!”

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. पण बाण सुटला होता.  आईला राग आला की ती हाताला काम लावायची. तिने कोपऱ्यातलं भोंग्याचं दप्तर ओढलं, त्याचा पट्टा आठवड्यापासून लोंबत होता, डब्यातून सुई काढली, दोरा ओवला आणि खाली मान घालून शिवायला लागली. टाका घातला, ओढला. टाका घातला, ओढला.

“क्वेमेयो,” आई पुटपुटली.

भोंग्याने कान टवकारले. (हे रोज घडत नसे.)

“क्वेमेयो. क्वेमेयो.” प्रत्येक टाक्याला एकदा. मग आईने गाठ मारली, दाताने दोरा तोडला, आणि तोंडातला दोरा थुंकत म्हणाली, “क्वेमेस्सॉयो. शिवलं. हे घे तुझं दप्तर, मास्तरीणबाई.”

भोंगा खुर्चीवरून उडालीच. “आई! परत म्हण! आई, तू आत्ता काय म्हणालीस कळलं का तुला?”

“काय म्हणाले?”

“बरोब्बर म्हणालीस!”

तिने त्याच मिनिटाला तक्ता टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी आईने कारखान्यातून एक नापास अस्वल आणलं. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली लागला होता, त्यामुळे ते सारखं काहीतरी ऐकल्यासारखं दिसायचं. असं नापास खेळणं घरी न्यायला परवानगी होती. त्याच्या पाठीतलं भोक अजून शिवायचं बाकी होतं, आणि तेच त्यांचं पुस्तक झालं.

रोज सकाळी बाबा पहिल्या पाळीला निघायच्या आत, चहा उकळत असताना, आई अस्वल मांडीवर घ्यायची. सुई कापडात असली की ‘क्वेमेयो’, शिवते. गाठ मारून दोरा तोडला की ‘क्वेमेस्सॉयो’, शिवलं. आणि सुई हवेत, टाक्याच्या आधी, नुसती वर धरली की ‘क्वेमेल्केयो’, शिवेन. भोंग्याने सहा महिने व्याकरणात घासलेले तीन काळ आईने तीन दिवसांत सुईच्या टोकावर बसवले. दोरा ओवताना ‘आन्न्योंग हासेयो’. दोरा तोडून कात्री खाली ठेवताना ‘काम्साहाम्निदा’, आभारी आहे. अस्वलाच्या पोटावर थापटी मारून ‘ख्वेंचानायो’, काही हरकत नाही. ‘जुसेयो’ म्हणजे द्या, तेव्हा हात पुढे: ‘पानुल जुसेयो’, सुई द्या, आणि भोंगा सुई द्यायची. ‘शिल जुसेयो’, दोरा द्या, आणि भोंगा दोरा द्यायची.

पाठ शिवून संपली की धडा संपायचा. मग दुसऱ्या दिवसासाठी ती पुन्हा उसवावी लागायची. म्हणून आईला उसवायचंही क्रियापद पाहिजे झालं. “तुदॉयो,” भोंग्याने शिकवलं, “आणि उसवेन म्हणजे तुदुल्केयो. पुन्हा म्हणजे ताशी.”

“तुदुल्केयो. ताशी क्वेमेल्केयो.” आई कात्रीचं टोक टाक्याखाली घालत म्हणाली. “उसवेन. पुन्हा शिवेन. हे बरंय बाई, माझं सगळं आयुष्यच आलं यात.”

चौथ्या आठवड्यात अस्वलाची पाठ इतक्यांदा शिवून उसवून झाली होती की कापडाला चाळणीसारखी भोकं पडली होती. आईचे शब्द मात्र पक्के बसत चालले होते. बाबा बूट घालताना म्हणायचे, “त्या बिचाऱ्याचं ऑपरेशन रोज कशाला गं? एकदा काय ते सांगा त्याला, आजार काय आहे.”

आणि भोंगा? ती शाळेत वर्गभर सांगत सुटली. तिने पद्धत शोधली होती! स्वतःची! क्रियापद हाताने शिकायचं! मधल्या सुट्टीत तिने मैत्रिणींना इतकं ऐकवलं की एकीने विचारलं, “शोधली कुणी, तू की आईने?” भोंग्याने तो प्रश्न ऐकलाच नाही असं केलं.

न ऐकलेल्या गोष्टी तशा आणखीही होत्या. एकदा जेवताना बाबांनी आईला सहज म्हटलं, “म्हण बघू, नमस्कार.” आईच्या एका हातात वाटी, दुसऱ्यात डाव. तिने तोंड उघडलं, मिटलं, हसली आणि म्हणाली, “आत्ता नको. सांडेल.” दुसऱ्यांदा बसथांब्यावर भोंग्याने तिला कोरियनमध्ये विचारलं, “जेवलीस का?” आई विचारात पडली, बोटं आपोआप सुई धरल्यासारखी चिमटीत आली, पण चिमटीत काहीच नव्हतं. “घरी गेल्यावर सांगते,” ती म्हणाली. भोंग्याला वाटलं, दमली असेल.

परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी मात्र तिचं डोकं ठिकाणावर आलं. सकाळी अस्वल दोरीवर वाळत होतं, कारण आदल्या दिवशी त्याच्यावर चहा सांडला होता. भोंगा म्हणाली, “चल, आज नुसतंच बोलू. शिवते?”

आईचे हात मांडीवर होते. रिकामे.

“शिवते, आई.”

“सांगते ना. थांब.” आईने डोळे मिटले. कपाळावर आठ्या आल्या. “क... छे गं. अस्वल आण ना.”

“ओलं आहे.”

“मग सुई तरी दे.”

भोंग्याने सुई दिली, आणि शब्द नळाला पाणी यावं तसे आले. तिने सुई काढून घेतली. नळ बंद.

तेव्हा तिला उमगलं. तिने आईला भाषा शिकवली नव्हतीच. तिने भाषा सुईला शिकवली होती! आणि परवा परीक्षेत असणार होतं एक टेबल, दोन खुर्च्या, वीस प्रश्न आणि आईचे दोन रिकामे हात. हे आईला सांगायला हवं होतं. आत्ताच, लगेच. पण सांगायचं काय? की माझी पद्धत फसली? शाळेत डांगोरा पिटला ती? अकरा दिवसांत तुला तक्ता जमला नाही म्हणून ओरडले, आणि माझ्या चुकीचं मात्र तोंडातून निघत नाही?

शुक्रवारी सकाळीही नाही निघालं. आई सुई-दोऱ्याने इतकी छान बोलत होती, इतकी खुशीत होती, की भोंगा नुसती सुई द्या, दोरा द्या करत राहिली. भोंग्याचा भोंगा वाजेना.

*

शनिवारी शाळा साडेदहाला सुटली. भोंगा घरी न जाता धावत कारखान्यात पोचली. दप्तरात अस्वल होतं. रात्रभर विचार करून तिने एवढाच उपाय काढला होता: कसंही करून अस्वल आईच्या मांडीवर पोचवायचं.

नमुन्यांच्या खोलीच्या दारात घड्याळकाका उभे होते. “आत फक्त परीक्षा देणारे.”

“मी तिची मुलगी.”

“मुलगी म्हणजे परीक्षा देणारी नव्हे. अकराला चार मिनिटं आहेत.”

ती काचेला नाक लावून उभी राहिली. काचेच्या कोपऱ्यात, नमुने आतबाहेर द्यायला, हात जाईल एवढी एक खिडकी होती. ती उघडी असल्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. चष्मेवालीची परीक्षा नुकतीच झाली होती. ती बाहेर आली आणि भोंग्याशेजारी उभी राहून हळूच म्हणाली, “वीसच्या वीस झाले, पण घाम फुटला गं.” तिचा चेहरा इतका साधा आणि घाबरलेला होता की भोंग्याला तिचा राग करणंही जमलं नाही.

आई आत गेली. निळी साडी, केस घट्ट बांधलेले. खुर्चीवर बसली आणि हात मांडीत ठेवले.

मॅडमनी चष्म्यातून बघितलं. “आन्न्योंग हासेयो.”

आईने तोंड उघडलं.

काही आलं नाही.

मॅडमनी पुन्हा म्हटलं, सावकाश. मग पुढचा प्रश्न, जेवलात का? आईचं आवडतं पाप! तेही येईना. तिसरा प्रश्न. आईचे ओठ हलत होते आणि मांडीत बोटं एकमेकांत अडकून पांढरी पडली होती. मग खोकला आला. आई वाकून खोकली, सावरली, पुन्हा ताठ बसली. घड्याळकाकांनी घड्याळ बघितलं.

भोंग्याला राहवेना. तिने दप्तर उघडलं, अस्वल काढलं आणि कोपऱ्यातल्या खिडकीतून डोक्याकडून आत घातलं. अर्धं अस्वल आत, अर्धं बाहेर, खाली लागलेला कान खिडकीत अडकलेला.

“ए! काय आहे हे?” घड्याळकाका धावले. “कॉपी?”

“अस्वल आहे ते, काका!”

“ते मला दिसतंय. परीक्षेत आत काहीही द्यायचं नाही. कागद नाही, पुस्तक नाही, अस्वलही नाही!” त्यांनी अस्वलाचे पाय धरून ओढलं, कान सुटला आणि अस्वल त्यांच्या छातीवर आलं. ते त्यांनी तसंच काखोटीला मारलं. चष्मेवाली तोंडावर हात ठेवून वळली. भोंग्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता संपलं. आणि संपलं ते तिच्यामुळे.

गोंधळ ऐकून आईने काचेकडे पाहिलं होतं. तिला भोंगा दिसली, भोंग्याचा रडवेला चेहरा दिसला, काखोटीतलं अस्वल दिसलं. आई दोन क्षण बघत राहिली. मग तिने नाही अशी अगदी बारीकशी मान हलवली आणि मॅडमकडे वळली. अडकलेली बोटं सुटी केली. उजवा हात टेबलावर पुढे केला, तळवा वर.

“पानुल जुसेयो,” आई म्हणाली. सुई द्या.

मॅडमच्या भुवया वर गेल्या.

“शिल जुसेयो.” दोरा द्या.

“अहो, परीक्षा तोंडी आहे,” घड्याळकाका खिडकीतून म्हणाले. मॅडमनी त्यांच्याकडे न बघताच एक बोट वर केलं. हे बोट कुठल्याही भाषेत कळतं. काका खिडकीतून मागे सरले.

मॅडमनी मनगटावरच्या गादीतून सुई काढून दिली. दोऱ्याचं रीळ सरकवलं. आणि टेबलावरचा एक राखाडी ससा, पाठ अजून उघडी असलेला, आईसमोर ठेवला.

आईने दोरा जिभेवर ओला केला आणि एका झटक्यात ओवला. “आन्न्योंग हासेयो,” ती म्हणाली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पहिला टाका घातला. “पाप मॉगॉस्सॉयो.” जेवले. दुसऱ्याचं.

बाहेर भोंग्याने चष्मेवालीचा हात कधी धरला, तिलाही कळलं नाही.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. आता त्या विचारत गेल्या आणि आई शिवत गेली. काय करताय? शिवते. सुई कापडातच होती. हे दुखतं का, ते कुठे आहे, उद्या येणार का? काही प्रश्न आईला कळले, काही नाही. नाही कळले तिथे ती न अडखळता ‘मोरुगेस्सॉयो’, मला माहीत नाही, म्हणाली आणि पुढचा टाका घातला. भोंगा बोटांवर मोजत होती. बरोबर अकरा, माहीत नाही आठ. चष्मेवालीचे वीस होते. गणित काही चांगलं दिसत नव्हतं.

आईने शेवटची गाठ मारली, दोरा तोडला. “क्वेमेस्सॉयो.” शिवलं.

मॅडमनी ससा उचलला. फिरवून बघितला. पाठीवरून अंगठा फिरवला. टाका कुठेच लागला नाही. मग त्यांनी पाठीच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलं, जिथे कापड केसभर वर उचललं गेलं होतं, आणि काहीतरी लांबलचक म्हणाल्या. तो विसावा प्रश्न होता. त्यातला एक शब्दही भोंग्याला स्वतःला कळला नाही, मग आईला काय कळणार?

पण आईला बोट कळलं. ती वाकली, ती जागा बघितली, आणि मान डोलावली. कुणी चूक दाखवली की लोक तोंड पाडतात किंवा कारण सांगतात. आईने यातलं काहीच केलं नाही. तिने कात्री उचलून तिचं टोक टाक्याखाली घातलं आणि रोज सकाळी चहा उकळताना म्हणायची तेच म्हणाली. महिनाभर एका चाळण झालेल्या पाठीवर घोटलेलं वाक्य होतं ते. या देशात आणि त्या देशात कुणीही इतक्यांदा म्हटलं नसेल इतक्यांदा म्हटलेलं.

“तुदुल्केयो. ताशी क्वेमेल्केयो.”

उसवेन. पुन्हा शिवेन.

सुई तिने हवेत वर धरली होती.

मॅडमनी चष्मा काढला. त्या पहिल्यांदाच हसल्या. घड्याळकाकांना त्यांनी आत बोलावलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत, एकेक शब्द वेचून, म्हणाल्या, “फोनवर... तिकडचे लोक... फक्त हेच सांगतात. हे चूक, ते चूक. दर सोमवारी.” मग आईकडे हात केला. “हिला उत्तर येतं.”

“पण वीसपैकी बाराच...” काका म्हणाले. काखोटीत अजून अस्वल होतं.

“बाकी आठ मी शिकवते. तीन आठवडे आहे मी.” त्यांनी चष्मेवालीलाही हाताने आत बोलावलं. “ही वाचते, लिहिते. पत्रं ही बघेल.” चष्मेवालीने सुस्कारा टाकला. तिला इतकं बारीक शिवता येत नव्हतं, आणि त्या खुर्चीची भीतीच वाटत होती, हे तिने नंतर जिन्यात कबूल केलं.

*

घरी येताना भोंगा पाय ओढत चालत होती. आईने दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटी बसथांब्यावर ती म्हणाली, “आई, मला गुरुवारीच कळलं होतं. सुई नसली की तुला येत नाही ते. मी सांगितलं नाही. मला... मला माझी पद्धत चुकली असं म्हणायचं नव्हतं.”

“मला बसथांब्यावरच कळलं होतं. याच.”

“मग तू का नाही बोललीस?”

“तू इतकी खूश होतीस. शाळाभर सांगत होतीस.” आई हसली. “आणि आज आत बसल्यावर सुई लागते हेही विसरले. हात रिकामे आणि डोकंही रिकामं. तू ते अस्वल कोंबलंस तेव्हा आठवलं, अरे, मागता येतं की आपल्याला! द्या म्हणायला तर तूच शिकवलंस.”

“मग मान कशाला हलवलीस?”

“अगं, परीक्षेला बसायचं आणि शेजारी नापास अस्वल घ्यायचं? अपशकुन नाही का?”

भोंगा इतकी मोठ्याने हसली की थांब्यावरचे चौघे वळून बघायला लागले. भोंगा परत वाजायला लागला होता.

पुढच्या महिन्यात आई काचेच्या आत बसायला लागली. सोमवारच्या फोनवर तिकडचे लोक तिला सुईवाली म्हणायला लागले, कारण ती बोलताना हातात सुई धरायची आणि अडली की ती वर करायची. त्यांनाही सवय झाली. सुई वर असली की ते थांबायचे.

एका रविवारी सकाळी चहा उकळत होता. आईने घड्याळकाकांकडून सोडवून आणलेलं अस्वल कपाटातून काढलं आणि भोंग्याच्या मांडीवर ठेवलं. पाठ उघडीच होती.

“आता तू,” आई म्हणाली.

“मी काय?”

“मला बोलायला शिकवलंस ना? आता तू शिवायला शीक. स्वतःच्या दप्तराचा पट्टा स्वतःला लावता येत नाही, एवढी मोठी झालीस. कारखान्यात सगळ्यांना सांगते, माझी मुलगी दोन भाषा बोलते, आणि घरी तिच्या बटणांना मी टाके घालते. काय म्हणतील लोक?”

भोंग्याने सुई धरली. पहिल्याच टाक्याला ती बोटात घुसली. दुसरा टाका इतका मोठा पडला की त्यातून हत्ती गेला असता. बाबा बूट घालता घालता थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “आधी आजारी होतं बिचारं. आता अपघात झाला.”

आईने अस्वल हातात घेतलं. टाका बघितला, मॅडमसारखा, अंगठा फिरवून. मग मालिकेतली बाई जशी बोलते तशा ठसक्यात तिने सांगायला सुरुवात केली, दोरा कुठे सैल राहिला, कापड कुठे दुमडलं, सुई किती तिरपी धरायची, आणि ते सांगताना एक लांबच्या लांब वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये एकदाही खोकला न येता, पूर्ण झालं. आईच्या ते लक्षातही आलं नाही. भोंग्याच्या आणि बाबांच्या आलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

आईने कात्री तिच्यासमोर ठेवली.

“ताशी,” ती म्हणाली. पुन्हा.